उष्मापंप आणि बर्फाची खपली



आजचा विषय नगरकरांना थोडा परका वाटेल. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा कधीकधी एक अंकी होतो, शेकोट्या पेटतात, पण नळातलं पाणी काही गोठत नाही. तरीही हा विषय मी घेतोय, कारण नगर, संगमनेर, श्रीरामपूर इथल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली आज जर्मनीत, कॅनडात, स्वीडनमध्ये आहेत. तिथे घराबाहेर एसीच्या पेटीसारखी एक पेटी उभी असते. तिला उष्मापंप म्हणतात, आणि घरातली ऊब तिच्यावर अवलंबून असते. ती पेटी थंडीत गोठू नये म्हणून काय करायचं, असा प्रश्न आहे. आपलं पहिलं उत्तर असतं, तिला काहीतरी पांघरा. हे उत्तर चूक आहे. ते का चूक, हे या यंत्राचा इतिहास पाहिला की कळतं.

आधी एक तत्त्वज्ञानाचा मुद्दा. गोठणाऱ्या हवेतून ऊब कशी काढणार? सतराव्या शतकात जॉन लॉकने एक साधी गोष्ट दाखवली. एक हात गार असेल आणि दुसरा गरम, तर तेच पाणी एका हाताला ऊन लागतं, दुसऱ्याला थंड. म्हणजे ‘थंड’ हा पाण्याचा गुण नव्हे, ती आपल्या हाताची तक्रार आहे. भौतिकशास्त्राच्या मोजपट्टीवर शून्य अंश सेल्सिअसची हवासुद्धा निरपेक्ष शून्याच्या २७३ अंश वर असते. तिच्यात उष्णता भरपूर आहे. अडचण एवढीच, की उष्णता आपणहून थंडाकडून गरमाकडे जात नाही. पाणी जसं आपणहून विहिरीतून वर येत नाही, तसंच. उपसायला मोट लागते, पंप लागतो.

ही उपसण्याची कल्पना १८५२ मध्ये विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, ग्लासगोत मांडली. इमारती तापवण्यासाठी कोळसा थेट जाळण्यापेक्षा त्याच्या शक्तीने यंत्र चालवावं आणि बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणावी, असं त्यांचं म्हणणं होतं. पण कल्पना कागदावरच राहिली.

प्रत्यक्ष यंत्र उभं राहिलं ते घर तापवायला नव्हे, मीठ आटवायला. ऑस्ट्रियातल्या एबेनझे इथे मिठाचं पाणी आटवताना लाकूड फार जळायचं. पेटर फॉन रिटिंगर या खाण-अभियंत्याने १८५६-५७ मध्ये तिथे एक प्रयोग केला. आटताना निघणारी वाफ पाण्याच्या शक्तीवर दाबायची, दाबल्यामुळे ती जास्त तापते, आणि तीच वाफ पुन्हा मिठाचं पाणी उकळायला वापरायची. आपल्याकडच्या माणसाला हे चटकन कळावं. गुऱ्हाळात काहिलीतली सगळी वाफ आभाळात जाते आणि चुलवाणात चिपाडं जळत राहतात. साखर कारखान्यात मात्र एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्यातला रस आटवते. प्रवरेच्या सहकारी कारखान्यात १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झालं, त्याच्या शंभरेक वर्षं आधी अमेरिकेत नॉर्बर्ट रिल्यू यांनी ही रीत साखरेसाठी बसवली होती. वाफ दाबून तापवण्याची रिटिंगरची युक्ती वेगळी, पण वाफ वाया घालवायची नाही हा हिशेब दोघांचा एकच.

रिटिंगरचा प्रयोग मात्र पूर्ण साधला नाही. जिथून उष्णता जायची त्याच पृष्ठभागावर मिठाची कठीण खपली धरायची आणि काम अडायचं. कारखान्यात काम केलेले कोणी इथे असतील तर ते मान डोलावतील. रस आटवण्याच्या नळ्यांना आतून थर बसतो, वाफ जास्त लागते, आणि शेवटी भांडं थांबवून नळ्या साफ कराव्या लागतात. त्याला इलाज नसतो. पुढे १८७७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या मिठाच्या कारखान्यात असं यंत्र नीट चालू लागलं.

घरांची पाळी विसाव्या शतकात आली. स्कॉटलंडमध्ये टी. जी. एन. हॉल्डेन यांनी आपल्या घरासाठी असं यंत्र चालवून पाहिलं आणि १९३० मध्ये त्यावर निबंध लिहिला. झुरिकच्या राठहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या सभागृहाच्या इमारतीत, १९३७-३८ मध्ये उष्मापंप बसला. स्वित्झर्लंडकडे स्वतःचा कोळसा नव्हता. त्या पंपाने उष्णता घेतली शेजारच्या लिमाट नदीतून. १९४५ मध्ये इंग्लंडातल्या नॉर्विचला जॉन सम्नर यांनीही नदीचंच पाणी वापरलं. नदीचा फायदा असा, की बाहेर कितीही गारठा असला तरी वाहतं पाणी सहसा शून्याच्या वर राहतं.

पण नदी प्रत्येकाच्या दारात नसते, हवा असते. आणि हवेबरोबर जुना शत्रू परत आला. या वेळी खपली बर्फाची होती.

हे कसं होतं बघा. उष्णता आत यायची तर बाहेरची जाळी हवेपेक्षाही थंड असावी लागते. हवा तीन अंशांवर असली, तर जाळी शून्याखाली जाते. हवेतली ओल तिच्यावर हिमकण होऊन बसते. म्हणून सगळ्यात जास्त त्रास कडाक्याच्या कोरड्या थंडीत होत नाही. तो शून्य ते पाच अंशांच्या ओलसर दिवसांत होतो. जुन्या एकदारी फ्रीजमध्ये बर्फाची भिंत वाढायची आणि आपण बटण दाबून ती वितळवायचो, आठवतं ना? उष्मापंप म्हणजे तोच फ्रीज उलटा लावलेला. त्याचा फ्रीजर अंगणात असतो.

उपायही त्या बटणाचाच वंशज आहे. यंत्र मधूनमधून आपला प्रवाह उलटा करतं. घरातली थोडी ऊब बाहेर पाठवतं, जाळीवरचं हिम वितळवतं, आणि पुन्हा कामाला लागतं. त्या काही मिनिटांत पेटीतून वाफ निघते आणि नवखा माणूस घाबरतो. सुरुवातीला हे घड्याळावर चालायचं, गरज असो वा नसो. नंतर थर बसलाय की नाही हे ओळखणारी साधनं आली. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे कमावलेल्या उबेतली चांगली रक्कम परत द्यावी लागते. न दिली, तर सगळीच कमाई बंद.

आता पांघरुणाकडे येऊ. आपल्यासाठी गोधडी ठीक, कारण आपलं शरीर आतून ऊब तयार करतं. ही पेटी बाहेरची हवा पिऊन जगते. तिला झाकलं, तर तिचा श्वास कोंडतो आणि जाळी आणखी लवकर गोठते. म्हणून ती चालू असताना झाकायची नाही. बर्फाच्या थराच्या वर राहील अशी उंच चौकटीवर ठेवायची. समोरचं हिम हटवायचं आणि वितळलेल्या पाण्याला वाट मोकळी ठेवायची, नाहीतर ते खाली साचून पुन्हा गोठतं आणि पंख्यात अडकतं. सुरी-स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडायचा नाही, जाळी फाटते. आणि ज्या पेटीत पाणीच खेळतं, तिची वीज ऐन थंडीत बंद करायची नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि धातूची नळी फोडतं. त्यासाठी काही ठिकाणी पाण्यात ग्लायकॉल मिसळतात, काही ठिकाणी पाणी आपोआप सोडून देणारी झडप बसवतात.

मुलं कामावर गेलेली, घरात म्हातारे आई-वडील एकटे, बाहेर उणे दहा. अशा वेळी बिल वाचवायला केलेलं बटण बंद किंवा मायेने घातलेली ताडपत्री महागात पडते. सहा महिन्यांसाठी तिकडे जाणाऱ्यांनी एवढं जरूर विचारून घ्यावं, की आपल्या घराच्या पेटीत पाणी आहे का आणि वीज गेली तर काय करायचं. रिटिंगरच्या मिठापासून अंगणातल्या हिमापर्यंत खपली काही टळली नाही. तिची सोय यंत्रातच करावी लागली.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.