चारोळी

चार (शास्त्रीय नाव : बुखननिया लँझान, कुल : ॲनाकार्डिएसी) या जंगली वृक्षाच्या बियांतील गर. मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड व पूर्व विदर्भातील कोरड्या पानझडी जंगलांत गोंड, बैगा, भारिया इ. आदिवासी ती गोळा करतात.

फळे एप्रिल-मे महिन्यांत पिकून काळसर जांभळी होतात. ती रात्रभर पाण्यात भिजवून चोळली, की साल व फळाचा गर सुटतो. उरलेल्या कठीण बिया उन्हात वाळवतात. मग जात्यावर हलक्या हाताने भरडून, सुपात पाखडून चारोळी वेगळी काढतात. दाब जास्त पडला तर दाणा फुटतो आणि भाव उतरतो.

बस्तरच्या आठवडी बाजारांत व्यापारी पूर्वी चारोळीच्या बदल्यात मीठ देत. वनहक्क कायद्याने (२००६) चारोळीसारख्या गौण वनोपजावर संग्राहकांची मालकी मान्य केली. २०१३-१४ मध्ये केंद्राच्या किमान आधारभूत किंमत योजनेत चारोळीच्या बियांचा समावेश झाला. २०१८ मध्ये विजापूर (छत्तीसगड) येथून सुरू झालेल्या वनधन योजनेचा भर वनोपजाच्या स्थानिक प्रक्रियेवर आहे.

इतरांच्या आधी माल हाती यावा म्हणून कच्ची फळे ओरबाडणे व फांद्या तोडणे यांमुळे झाडांचे पुनरुत्पादन घटते.