'शि' : योद्ध्याचा विद्वान कसा झाला

चिनी लिपीतलं 'शि' हे अक्षर अवघ्या तीन रेघांचं. एक आडवी, तिला छेदणारी उभी, आणि खाली एक आखूड आडवी. खालची रेघ लांबली की तेच अक्षर 'माती' होतं.

आज या अक्षराचा पहिला अर्थ विद्वान. मुळात मात्र ते लढवय्यांचं होतं. झोऊ राजवटीत सरदारवर्गाची शेवटची पायरी म्हणजे 'शि' : वतन बेताचं, काम धन्यासाठी लढण्याचं. कन्फ्यूशियसचे वडील त्यातलेच. इ.स.पू. ५६३ मध्ये एका वेढ्यात शत्रूने वेशीचा दरवाजा वरून सोडला, तेव्हा त्यांनी तो हातांवर तोलून धरला आणि आत अडकलेल्यांना बाहेर काढलं, अशी जुनी नोंद आहे.

मुलाने दुसरंच काही तोलून धरलं. घराणी कोसळत होती, राज्यं एकमेकांना गिळत होती, आणि कारभाराला लिहिते-वाचते लोक हवे होते. कन्फ्यूशियसने ते घडवायला घेतले. सुकवलेल्या मांसाची जुडी एवढी गुरुदक्षिणाही त्याला पुरे. पण त्याला नुसते कारकून नको होते. जाडंभरडं अन्न आणि जुने कपडे यांची ज्याला लाज वाटते, त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही, असं तो म्हणे. लाज वाटायची ती स्वतःच्या वागण्याची.

हा बदल मला सगळ्यात स्पष्ट दिसतो तो त्याच्या त्झलू या शिष्यात. कोंबड्याच्या पिसांची टोपी घालून, गुरूवरच गुरगुरत आलेला हा गडी. इ.स.पू. ४८० मध्ये वेइ राज्यात बंड झालं. त्झलूला बाहेर राहता आलं असतं. ज्याचं अन्न खाल्लं त्याला संकटात सोडायचं नाही म्हणून तो आत गेला. झटापटीत टोपीचे बंद तुटले. सभ्य माणसाने बोडक्याने मरू नये, म्हणून तो ते बांधू लागला, आणि तसाच मारला गेला. मरण शिपायाचं, रीत गुरूने शिकवलेली.

पुढे त्याच परंपरेतला विचारवंत मेन्शियस शेकडो अनुयायी घेऊन राजांच्या दारी जेवू लागला, तेव्हा एका शिष्याने विचारलंच : काम न करता खाणं हे जास्त नाही का? प्रश्न रास्त होता. मेन्शियसने उलट विचारलं, सुताराला आणि रथ करणाऱ्याला पोसता, मग आईबापांचा, थोरांचा मान राखून पूर्वजांचं शहाणपण पुढच्यांसाठी जपणाऱ्याला का नाही? कष्टकऱ्याच्या घासाचं उत्तर विद्वानाने आपल्या वागण्याने द्यायचं, हा करार मला आजही खरा वाटतो.

मग शतकानुशतकं राजदरबारी परीक्षा चालल्या आणि 'शि' पाठांतराशी जोडला गेला. १९०५ साली त्या बंद झाल्या. जपानमध्ये मात्र हेच अक्षर सामुराईचं राहिलं.

१९१४ मध्ये शांघायला परिचारिकांची परिषद भरली. त्यांच्या कामाला चिनीत मानाचा शब्द नव्हता. तो तिथे ठरला : 'हु' म्हणजे जपणं, आणि पुढे 'शि'. चीनच्या रुग्णालयांत रोगी आजही 'हुशि' अशीच हाक मारतात.