हातातला कागद आणि पाठीवरचे ओझे

काही छायाचित्रे इतिहासाचे एक अख्खे प्रकरण सांगून जातात. साल १९१२. काराकोरम पर्वतात, सियाचिन हिमनदीच्या माथ्याकडील बर्फात, सुमारे २१,००० फुटांवर त्रेपन्न वर्षांची एक स्त्री उभी आहे. हातात वर्तमानपत्र, आणि त्यावर ठळक अक्षरांत स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी. ही अमेरिकेची फॅनी बुलक वर्कमन. तिच्या देशाच्या राज्यघटनेने ही मागणी मान्य केली ती १९२० साली.

कॅथरीन प्रिन्स यांनी लिहिलेले फॅनीचे इंग्रजी चरित्र २०१९ साली प्रसिद्ध झाले. ते आमच्या उर्दू शाळेच्या शिक्षक-खोलीत हातोहात फिरले. मधल्या सुट्टीत त्यावर बरेच वाद झडले. त्या वादांतून आम्ही जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

फॅनीचा जन्म १८५९ चा. वडील मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर, पती विल्यम वर्कमन डॉक्टर. पैशाला तोटा नव्हता. पतिपत्नींनी सायकलवरून अल्जीरिया, स्पेन आणि हिंदुस्थान पालथा घातला. १८९८ ते १९१२ या काळात हिमालय व काराकोरममध्ये आठ मोहिमा काढल्या. १९०६ साली, वयाच्या ४७व्या वर्षी, ती नून-कून पर्वतसमूहातील पिनॅकल शिखरावर पोहोचली. उंची २२,७३५ फूट. स्त्रियांमधला हा उच्चांक १९३४ पर्यंत कुणी मोडला नाही. १९०५ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत तिने व्याख्यान दिले. तिच्याआधी हा मान इझाबेला बर्ड या एकाच स्त्रीला मिळाला होता.

आता मते. आमच्या एका ज्येष्ठ आपांचे मत कडक होते. “मुलगी दूर शाळेत ठेवून डोंगर चढणारी ही कसली आई?” यावर एका तरुण शिक्षिकेने शांतपणे विचारले, “आपा, विल्यम कसला बाप, हे कुणी का विचारत नाही?” खोलीत शांतता पसरली. दोघेही एकाच तंबूत होते, पण जाब एकटीलाच! ती मुलगी, रेचेल, पुढे भूशास्त्रज्ञ झाली आणि १९१९ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने प्रथमच स्त्रियांना सदस्यत्व दिले तेव्हा त्या पहिल्या काही जणींत तिचे नाव होते.

दुसऱ्या एका सरांना फॅनीचा अहंकार खटकला. १९०८ साली अ‍ॅनी पेक ही दुसरी अमेरिकन गिर्यारोहक पेरूतील वास्कारान शिखरावर चढली आणि ते २४,००० फुटांचे असावे असे तिने सांगितले. फॅनीने सुमारे १३,००० डॉलर खर्चून तज्ज्ञांकडून ते मोजून घेतले. उंची २२,००० फुटांच्या आतच भरली. विशेष म्हणजे पेकही मताधिकाराचीच पुरस्कर्ती! हक्कासाठी लढणारी माणसेही माणसेच असतात, हे येथे कळते.

परंतु आम्हांला अस्वस्थ केले ते तिसऱ्या मताने. भूगोल शिकवणारे सहकारी म्हणाले, “छायाचित्रात ती एकटी आहे, मग तिचे सामान वर कुणी नेले?” नेले ते बल्ती हमालांनी. तो सारा मुलूख तेव्हा काश्मीर संस्थानात होता आणि तेथे बेगारीची प्रथा होती. सरकारी हुकूम आला की गावातून माणसे काढली जात. वर्कमन दांपत्याच्या पुस्तकांत या हमालांविषयी तक्रारीच तक्रारी आहेत : चालत नाहीत, ऐकत नाहीत, पळून जातात. हिमालयाच्या गिर्यारोहणाचा इतिहास लिहिणारे केनेथ मेसन यांनी मात्र दोष या दांपत्याच्या उतावळेपणाला दिला. हमालांचे मन त्यांनी जाणूनच घेतले नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. बेगारीवर आणलेला माणूस उपाशीपोटी, अपुऱ्या कपड्यांत बर्फावरून मागे फिरला, तर त्याला कामचुकार म्हणावे काय? ज्या हिमनदीवर हे घडले तिचे ‘सियाचिन’ हे नावसुद्धा बल्ती भाषेतले आहे. अर्थ, जंगली गुलाबांचा मुलूख. नाव देणारे ते आणि नकाशावर निनावी राहणारेही तेच.

मग ही कहाणी आमच्या मुलींना सांगावी की नाही? काहींना वाटले, डाग वगळून सांगावी. आम्हांला ते पटले नाही. ज्यांच्या घरी सहलीच्या चिठ्ठीवर सही मिळवणे हाच एक डोंगर असतो, त्या मुलींना फॅनीची गरज आहे. आणि ज्यांचे वडील स्टेशनवर, गोदामात ओझी उचलतात, त्याच मुलींना त्या बल्ती हमालांचीही गरज आहे. एकाला मोठे करण्यासाठी दुसऱ्याला झाकणे हा इतिहास नव्हे.

फॅनी १९२५ साली फ्रान्समध्ये वारली. मृत्युपत्रात तिने स्त्रीशिक्षण देणाऱ्या चार महाविद्यालयांना मिळून १,२५,००० डॉलर ठेवले होते. तिचे हे ऋण मान्य आहे. म्हणून नववीच्या वर्गात आम्ही ते छायाचित्र दाखवले, सारी हकीकत सांगितली आणि मग मुलींना एकच प्रश्न दिला : या चित्रात कोण कोण दिसत नाही?

पहिला हात वर झाला तो मागच्या बाकावरून. “सर, ज्यांनी तंबू वाहून आणला ते.”