शेवटच्या कडव्यातला कवी

गुहागर तालुक्यातल्या जाखडीच्या गाण्यांना कवी असतो, आणि तो आपले नाव गाण्यातच गुंफून जातो. तरीही दोन-तीन पिढ्यांत नाव तेवढे उरते आणि माणूस हरवतो. गाणे घराघरांत पाठ असते, पण ते रचणारा कोणत्या वाडीचा, कोणाचा शिष्य, त्याने ते कधी बांधले, याचा शोध नव्याने घ्यावा लागतो. या शोधाची बरीचशी साधने गाण्यातच दडलेली असतात.

जाखडी हा रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतला गणपती-गौरीच्या दिवसांतला नाच. मुंबईत त्याला बाल्या नाच म्हणतात. मध्यभागी गाणारा बुवा, ढोलकीवाला, झांजवाला आणि कोरस बसतात. पायात घुंगरू बांधलेले नाचे त्यांच्याभोवती फेर धरतात. आरंभी गण, मग गवळण, आणि त्यानंतर रात्र चढत जाते ती सवाल-जवाबांत. समोरासमोर दोन पक्ष असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. शक्तीवाले आदिमायेला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. देशावरच्या तमाशात हाच वाद कलगी-तुरा म्हणून नांदला. शाहअली आणि तुकनगीर या दोघांना मिळालेल्या कलगी व तुऱ्यापासून तो सुरू झाल्याची आख्यायिका सांगतात. कोकणात त्याने नाचाचे अंग धरले आणि मुख्यतः कुणबी समाजाने तो जपला.

सामन्यात केलेल्या सवालाला धनी लागतो. म्हणून शेवटच्या कडव्यात कवी आपली छाप घालतो: स्वतःचे नाव, गुरूचे नाव, बहुधा गावही. अडचण अशी की वृत्तात पूर्ण नाव बसत नाही. आडनाव गळते, वडिलांचे नाव गळते आणि उरते एखादे सर्वसाधारण पहिले नाव. एकाच गावात त्या नावाचे अनेक जण निघतात. अशा वेळी खरा आधार गुरूच्या नावाचा. शिष्याचे नाव सामान्य असले तरी गुरुपरंपरेची साखळी सहसा एकाच माणसापाशी नेऊन पोचवते. गुरूच्या नावाकडे केवळ वंदन म्हणून पाहणारा वाचक गाण्यातला सर्वांत मोलाचा पुरावा हातचा घालवतो.

छाप वाचताना फसगत कशी होते, हे मराठी शाहिरीच्या इतिहासातच दिसते. ‘होनाजी बाळा’ ही एका माणसाची सही वाटते. प्रत्यक्षात ती दोघांची जोडी. होनाजी शिलारखाने हा पुण्याचा गवळी, रचना त्याची. बाळा करंजकर हा त्याचा गायक साथीदार. 1951 साली व्ही. शांताराम यांचा ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट आला आणि होनाजी घरोघरी पोचला, पण छापेतली अर्धी जागा गळ्याची आहे, हे आजही अनेकांच्या ध्यानात नसते. अफझलखानवधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाची गोष्ट याहून बोलकी. काही जण त्याचे नाव अगिनदास असे वाचतात. त्याच्याविषयी जे कळते ते मुख्यतः पोवाड्यातूनच: जिजाबाईंच्या सांगण्यावरून झालेली रचना आणि बक्षीस मिळालेला घोडा व सोने. पेशवाईच्या अखेरीचा शाहीर प्रभाकर तर रत्नागिरी जिल्ह्याशीच नाते असलेला, मूळचा दापोलीजवळच्या मुरूडचा दातार. पुण्यात त्याची कवने गंगू हैबतीच्या फडात गायली गेली. कवन एकाचे, फड दुसऱ्याचा. ऐकणाऱ्याच्या लक्षात फडाचे नाव राहते.

या शाहिरांना संपादक भेटले. हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी 1891 साली पोवाड्यांचा संग्रह छापला, पुढे य. न. केळकरांनी ऐतिहासिक पोवाडे आणि अप्रकाशित लावण्या उजेडात आणल्या. जाखडीच्या कवींची रचना मात्र बहुतांशी वहीतच राहिली. शाळेची रेघांची वही, गाण्याच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून कुठल्याशा प्रसिद्ध गाण्याचा मुखडा, खाली कडवी, आणि शेवटी छाप.

माथ्यावरची ती एक ओळ पुष्कळ काही सांगते. जाखडीचे कवी चाली सिनेमांतून आणि लोकप्रिय भक्तिगीतांतून मोकळेपणाने उचलतात. मूळ गाणे कधी आले ते ठाऊक असले की जाखडीचे गाणे त्याआधीचे नसणार, हे पक्के होते. ‘सैराट’च्या चालीवरची गवळण 2016 च्या अलीकडचीच. मुंबईच्या गिरणी संपाचा उल्लेख असलेले कवन 18 जानेवारी 1982 नंतरचे म्हणता येते. पण त्याआधीही संप झाले होते, तेव्हा नुसत्या ‘संप’ या शब्दावर भिस्त ठेवू नये. शिवाय लोकप्रिय कवनाला पुढचा गायक नवी चाल लावतो, त्यामुळे चालीवरून मिळणारी तारीख कधी कवीची असते, कधी गायकाची. कवनात थोर मानलेली देवता पक्ष सांगते. बोलीतले शब्द मुलूख सांगतात, पण पालशेत, असगोली, वेळणेश्वर, हेदवी अशा जवळच्या गावांत बोलीचा फरक इतका थोडा की त्यावरून गाव ठरवणे धाडसाचे.

दुसरा धागा मुंबईत सापडतो. गुहागरचे चाकरमानी लालबाग-परळच्या गिरण्यांत कामाला गेले आणि गावकीच्या खोल्यांत एकत्र राहिले. नाच मंडळे तिथेच उभी राहिली, तालमी चाळींत झाल्या आणि सामने परळच्या दामोदर नाट्यगृहात रंगले. अशा सामन्यांच्या हँडबिलावर मंडळाचे नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, शाहिराचे आणि ढोलकीवाल्याचे नाव तपशिलाने छापलेले असते. छापेत गळलेले आडनाव इथे सापडते, शिवाय सामन्याची तारीखही. म्हणून जाखडीच्या इतिहासासाठी हे पिवळे-गुलाबी कागद वहीइतकेच जपण्यासारखे आहेत. गिरण्या बंद पडल्या, अनेक जण गावी परतले किंवा उपनगरांत पांगले, आणि ट्रंकांतल्या वह्या-हँडबिले खोल्यांबरोबर गेली.

कॅसेट आली तेव्हा गाणी दूरवर पोचली, पण वेष्टनावर ठळक अक्षरांत गायकाचे नाव आले. आता मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंतही तेच होते: शीर्षकात गाणारा बुवा असतो, अलीकडे गाणारी शाहीर स्त्रीही असते, आणि कवी फक्त शेवटच्या कडव्यात. व्हिडिओ तिथे तोडलेला असेल तर कवीचे नावच जाते. गायकाने कवीच्या जागी स्वतःचे नाव घातले तर गाणे एका पिढीत दुसऱ्याच्या खाती जमा होते. असा बदल ओळखण्याची एक खूण आहे. मूळ नाव मात्रांत बसवलेले असते. बदललेल्या नावाशी यमक अडखळते, किंवा गुरूचे नाव जुन्याच घराण्याचे राहून जाते. जुन्या वहीतला पाठ हाती असेल तर दोन्ही ओळी शेजारी ठेवून निवाडा करता येतो. वही नसेल तर त्या गुरूच्या दुसऱ्या शिष्यांकडे तेच गाणे कसे गातात, हे विचारावे लागते. एका गुरूचे शिष्य शेजारच्या दोन-तीन गावांतही असतात, आणि पाठ जुळले की ज्याचे नाव सगळीकडे सारखे येते तोच कवी असण्याचा संभव अधिक.