काचेच्या पेटीतला पावसाळा : सदाहरित नेच्याचा इतिहास

१/११
आषाढात वरंधा घाटाचा कातळ आणि राजगडाची तटबंदी नेच्यांनी हिरवी होते. चैत्रात तोच कातळ उघडा पडतो. पुण्यातील एखाद्या गॅलरीत मात्र कुंडीतला नेचा बाराही महिने हिरवा दिसतो. हा हिरवेपणा माणसाच्या हाती आला कसा? उत्तराची सुरुवात भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत आहे आणि वाट लंडनमधील एका बाटलीतून जाते.

२/११
नेच्याला फूल नाही, बी नाही. पानामागील तपकिरी ठिपक्यांत धुळीसारखे बीजाणू असतात. बीजाणू रुजला की प्रथम नखाएवढी हिरवी चकती तयार होते. तिच्यावरील नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत स्त्रीपेशीपर्यंत पोहोचते, तेव्हा नवे रोप जन्मते. पाणी नसेल तर पुढची पिढीच नाही.

३/११
सह्याद्रीत पाऊस मात्र चार महिन्यांचा. म्हणून काळ्या, तकतकीत देठाचा हंसराज पावसाळा सरला की वाळतो आणि जमिनीतील खोडाच्या बळावर पुढच्या पावसाची वाट पाहतो. झाडांवर व खडकांवर वाढणारे बाशिंग आपली कोरडी, तपकिरी पाने गळू देत नाही. त्यांत साठणारा पालापाचोळा हेच त्याचे खत आणि हीच त्याची ओल. वर्षभर हिरवे राहणारे नेचे आढळतात ते बारमाही ओलीच्या, सावलीच्या जागी.

४/११
बी नसलेली वनस्पती वाढते कशी, हे युरोपात दीर्घकाळ गूढ होते. नेच्याचे अदृश्य बी जवळ बाळगणारा माणूसही अदृश्य होतो, अशी इंग्लंडमध्ये लोकसमजूत होती. जमैकातील शल्यचिकित्सक जॉन लिंडसे यांनी बीजाणू पेरून रोपे उगवून दाखवली. त्यांचे निरीक्षण १७९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

५/११
पेरणी जमली, तरी जोपासना अवघड होती. लंडनचे डॉक्टर नथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांचे नेचे कोळशाच्या धुराने मरत. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला. काही दिवसांनी त्या मातीतून एक नेचा आणि गवत उगवले. मातीतील पाण्याची वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती. बाटलीत जणू एक छोटा पावसाळा कोंडला गेला होता.

६/११
याच तत्त्वावर वॉर्ड यांनी लाकूड व काच यांच्या बंद पेट्या बनवल्या. १८३३ मध्ये नेचे व गवते भरलेल्या दोन पेट्या जहाजाने सिडनीला रवाना झाल्या आणि अनेक महिन्यांच्या प्रवासानंतरही रोपे जिवंत पोहोचली.

७/११
छंदातून आलेली ही पेटी लवकरच साम्राज्याचे साधन बनली. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४८ नंतर चीनमधील चहाची हजारो रोपे अशाच पेट्यांतून भारतात आणली. पुढे सिंकोनाच्या प्रवासातही त्या उपयोगी पडल्या. या मार्गाचा पहिला प्रवासी मात्र नेचा होता.

८/११
इंग्लंडमध्ये घरोघरी काचपेट्या आल्या आणि नेचे जमवण्याचे वेड पसरले. १८५५ मध्ये चार्ल्स किंग्स्ले यांनी त्याला ‘टेरिडोमेनिया’ असे नाव दिले. या वेडाची किंमत रानाने मोजली. किलार्नी नेच्यासारख्या दुर्मिळ जाती संग्राहकांनी उपटून अनेक ठिकाणांहून जवळजवळ नाहीशा केल्या.

९/११
आजच्या रोपवाटिकांतील ओळखीचा ‘बोस्टन फर्न’ मात्र अशा शोधमोहिमेतून आला नाही. १८९४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाहून बोस्टनकडे गेलेल्या रोपांत एक वेगळे, झुकत्या पानांचे रोप सापडले. त्याच्या धावत्या फांद्यांपासून व गड्डे विभागून नवी रोपे करता येतात. त्यासाठी रानात जावे लागत नाही.

१०/११
इकडे एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. डिआल्मेडा यांचा ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. संस्थान पुढे विलीन झाले. घाटातले नेचे दर आषाढात परततच राहिले.

११/११
कुंडीतल्या नेच्याची निगा याच इतिहासातून समजते. उजेड हवा, दुपारचे ऊन नको. माती पालापाचोळ्याच्या खताची व निचऱ्याची असावी. ती ओलसर राहावी, पण पाणी साचू नये. कोंब मातीत गाडू नये. उन्हाळ्यात कुंडीखाली खडी व पाणी भरलेली ताटली ठेवल्यास भोवतीची हवा दमट राहते. पानामागचे ओळीने मांडलेले ठिपके कीड समजून खरवडू नयेत. तेच बीजाणू आहेत.
आणि रोप रोपवाटिकेतूनच घ्यावे. गडाच्या तटावरून नेचा उपटणाऱ्याच्या हाती फक्त रोप येते. त्याचा पावसाळा कातळावरच राहतो.