कामगिरी निर्देशक (व्यवसायप्रक्रियांचे)

एखादी व्यवसायप्रक्रिया कशी चालली आहे हे कळावे म्हणून आधी ठरवलेले आणि ठरल्या रीतीने पुन्हा पुन्हा मोजले जाणारे परिमाण. प्रक्रिया म्हणजे अनेक हातांतून जाणारी कामांची साखळी : मागणी आल्यापासून माल पोचेपर्यंत, अर्ज दाखल झाल्यापासून तो निकाली निघेपर्यंत, ऊस तुटल्यापासून त्याचे बिल शेतकऱ्याच्या खात्यात जमा होईपर्यंत. निर्देशक या साखळीचा असतो, तिच्यातल्या एका खुर्चीचा नव्हे. कचेऱ्यांत आणि कारखान्यांत त्याला सर्रास ‘केपीआय’ म्हणतात. ‘केआरए’ हा त्याचा चुलतभाऊ. पण तो माणसाच्या जबाबदारीशी, आणि म्हणून बहुधा पगारवाढीशी, बांधलेला असतो. मराठीत ‘निर्देशक’ आणि ‘निर्देशांक’ यांचीही सरमिसळ होते. निर्देशांक अनेक परिमाणे भारांकन करून एका आकड्यात आणतो, जसा ग्राहक किंमत निर्देशांक. निर्देशक एकच गोष्ट दाखवतो. निदान त्याने तसे करावे अशी अपेक्षा असते.

निर्देशक हा आकडा होण्याआधी एक करार असतो. काय मोजायचे, कशाने भागायचे, घड्याळ कधी सुरू करायचे आणि कधी थांबवायचे, कोणत्या नोंदी वगळायच्या, एवढे ठरले की मोजणी हे कारकुनी काम उरते. भांडणे होतात ती या ठरवण्यावरून. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे सर्वांत परिचित उदाहरण साखर कारखान्याचे आहे.

साखर उतारा : गाळलेल्या दर १०० क्विंटल उसामागे किती क्विंटल साखर निघाली, तो उतारा. वरवर पाहता यात वाद घालण्यासारखे काही नाही. परंतु २००९ मध्ये किमान वैधानिक दराच्या जागी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, आला आणि तोही उताऱ्याला जोडलेला असल्यामुळे या एका निर्देशकावर शेतकऱ्याचे उत्पन्न अवलंबून राहिले. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये असा दर होता. म्हणजे उतारा ११.२५ टक्के असलेल्या कारखान्याची एफआरपी टनाला ३,७३२ रुपये होते. पायाभूत उताऱ्यापेक्षा ३३२ रुपये जास्त. यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो, हे वेगळे.

आता व्याख्या उलगडून पाहावी. अंशस्थानी साखर आहे. पण कारखाना उसाचा रस किंवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवत असेल तर पोत्यांत भरलेली साखर कमी भरते आणि उतारा घसरल्यासारखा दिसतो. ऊस तोच, गाळप तेच. केवळ साखरेची वाट बदललेली. म्हणून वळवलेली साखर हिशेबात परत मिळवावी लागते आणि ती किती धरायची हा तांत्रिक दिसणारा प्रश्न थेट पैशाचा होतो. छेदस्थानी उसाचे वजन आहे, म्हणजे वजनकाटा आला. काटामारीचा आरोप ऊसपट्ट्यात दर हंगामाला ऐकू येतो, आणि त्यात एक गंमत दडलेली आहे. काट्यावर वजन कमी दाखवले तर शेतकऱ्याचे टनेज घटते, पण छेद लहान झाल्यामुळे कागदावरचा उतारा वाढतो. लबाडी एका आकड्यात झाली की ती शेजारच्या आकड्यात उलट्या तोंडाने उमटते. लेखापरीक्षकाला हे ठाऊक असावे लागते.

एककाचाही प्रश्न आहे. उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी काढला जातो. एखाद्याने पक्व, स्वच्छ, पाचट काढलेला ऊस दिला आणि शेजाऱ्याने कोवळा दिला, तरी दोघांचा दर सारखाच. निर्देशक प्रक्रियेचा असल्यामुळे तो व्यक्तीचे श्रेय सांगू शकत नाही. ही त्याची मर्यादा आहे, दोष नव्हे; पण चांगला ऊस पिकवणाऱ्याला हा फरक पटवून देणे अवघड.

राहिला काळ. मोजायचा तो मागच्या हंगामाचा उतारा की चालू हंगामाचा? चालू हंगामाचा खरा उतारा गाळप संपल्यावरच कळतो, तर ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार पैसे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत द्यायचे असतात. मागच्या हंगामाचा उतारा धरण्याची रीत यातून पडली. २०२२ मध्ये राज्य शासनाने चालू हंगामाच्या उताऱ्यावर आधारलेली आणि हप्त्यांत देण्याची पद्धत आणली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द ठरवला. निर्देशकाच्या व्याख्येतला एक शब्द न्यायालयापर्यंत गेल्याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल. पायाभूत उतारासुद्धा स्थिर राहिलेला नाही. तो ९.५ टक्के होता, २०१८-१९ पासून १० टक्के झाला आणि २०२२-२३ पासून १०.२५ टक्के. दर वाढल्याची बातमी वाचताना पाया किती सरकला हे पाहिल्याशिवाय वाढ किती झाली ते समजत नाही.

कारखान्याच्या आत उतारा हा मागचे सांगणारा निर्देशक आहे. तो कळेपर्यंत करण्यासारखे फारसे उरलेले नसते. पुढचे सांगणारे निर्देशक वेगळे असतात : शेतातल्या उसाचा ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण), तोडणी ते गाळप यांतले तास, गिरणीचे बंद तास. तुटलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातली साखर विघटित होते, म्हणून यांपैकी तासांचा आकडा सर्वांत कामाचा. उसात आलेली साखर आणि पोत्यात गेलेली साखर यांतला फरक बगॅस, प्रेसमड आणि मळी या खात्यांत वाटून दाखवतात. तरीही ताळा जमला नाही की उरलेले ‘अज्ञात नुकसान’ या नावाने लिहितात. हे खाते कोशकाराला फार आवडते. आपल्या मोजमापात किती चूक आहे हे स्वतःच्याच तक्त्यात रकाना काढून सांगणारे उद्योग थोडे आहेत.

कालमापन : प्रक्रियेचे बहुतेक निर्देशक शेवटी काळाचे असतात. त्यांतला मूलभूत संबंध अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला : प्रक्रियेत सरासरी किती नग अडकलेले आहेत ही संख्या, नग येण्याचा वेग आणि प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ यांच्या गुणाकाराएवढी असते. समजा, कारखान्याच्या आवारात सरासरी २०० वाहने उभी आहेत आणि तासाला २५ रिकामी होतात; तर एका वाहनाला सरासरी ८ तास थांबावे लागते. त्यासाठी एकाही चालकाला विचारावे लागत नाही. उलट, व्यवस्थापन थांबण्याचा वेळ ४ तास सांगत असेल आणि आवारात २०० वाहने दिसत असतील, तर दोन आकड्यांपैकी एक खोटा आहे किंवा दोघांचे घड्याळ वेगवेगळ्या जागी सुरू होते.

काळाच्या सरासरीत आणखी एक फसगत असते. बिले सरासरी १२ दिवसांत दिली, असे एखादा अहवाल म्हणतो. ही सरासरी दिलेल्या बिलांची असते. जी अजून दिलीच नाहीत ती हिशेबात येत नाहीत, आणि नेमकी तीच सर्वांत जुनी असतात. म्हणून निकाली प्रकरणांच्या सरासरीबरोबर प्रलंबित प्रकरणांचे वयही मांडावे लागते. आणि सरासरीपेक्षा ‘शंभरातली नव्वद बिले किती दिवसांच्या आत गेली’ हा प्रश्न अधिक प्रामाणिक ठरतो. ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांनंतर वार्षिक १५ टक्के व्याज सांगितले आहे. ते प्रत्येक बिलाला लागू होते, सरासरीला नाही.

चढउतारांचा अर्थ : आकडा काल ९२ होता, आज ८९ झाला, काही बिघडले का? याचे शास्त्रीय उत्तर वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये बेल टेलिफोनच्या उत्पादनव्यवस्थेत काम करताना दिले. प्रत्येक प्रक्रियेत अंगभूत चढउतार असतातच. त्यांच्या मर्यादा मोजून तक्त्यावर दोन रेषा आखायच्या आणि बिंदू रेषेबाहेर गेला तरच विशेष कारण शोधायचे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते आणि येथील सांख्यिकीय गुणनियंत्रणाच्या चळवळीला त्यातून चालना मिळाली. असे असूनही आपल्याकडच्या मासिक आढावा बैठकांत ९२ चे ८९ झाल्याबद्दल लेखी खुलासा मागण्याची प्रथा शाबूत आहे. खुलासा देणारा काहीतरी कारण लिहितो, पुढच्या महिन्यात आकडा आपोआप ९१ होतो आणि खुलाशाचा गुण आला असे सर्वांना वाटते.

इतिहास : फ्रेडरिक टेलर यांनी स्टॉपवॉच घेऊन कामाचे तुकडे मोजले आणि १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनावर ग्रंथ लिहिला. ड्यू पाँ कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी गुंतवणुकीवरील परताव्याची फोड नफ्याचे प्रमाण आणि भांडवलाची उलाढाल अशी केली. त्यामुळे वरचा एक आकडा खालच्या खात्यांपर्यंत उकलता येऊ लागला. जपानमध्ये सेइची नाकाजिमा यांनी यंत्राची उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार करून यंत्राची एकूण परिणामकारकता मोजण्याची रीत रूढ केली. ९०, ९५ आणि ९९ टक्के हे तीन सुखावणारे आकडे गुणले की सुमारे ८५ टक्केच उरतात, हा तिचा धडा चाकण-पिंपरीच्या शॉप फ्लोअरवर आजही रोज गिरवला जातो. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस या कंपनीत आर्थर श्नायडरमन यांनी १९८७ मध्ये वापरलेल्या गुणपत्रकाचा धागा पकडून रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ मध्ये ‘संतुलित गुणपत्रक’ मांडले : वित्त, ग्राहक, अंतर्गत प्रक्रिया, शिकणे व वाढ. त्यानंतर कंपन्यांत निर्देशकांची संख्या भराभर वाढली; संतुलनाबद्दल तसे म्हणता येत नाही.

लक्ष्य आणि विकृती : मोजणे आणि लक्ष्य देणे ही दोन वेगळी कामे आहेत. व्ही. एफ. रिजवे यांनी १९५६ मध्येच एकाच आकड्यावर माणसांचे मूल्यमापन केल्याने होणारे दुष्परिणाम दाखवले होते. १९७५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी चलनविषयक धोरणाच्या संदर्भात असे नोंदवले, की एखाद्या सांख्यिकीय नियमिततेवर नियंत्रणासाठी भार टाकला की ती ढासळते. मेरिलिन स्ट्रॅथर्न यांनी १९९७ मध्ये त्याला आज प्रचलित असलेले व्यापक रूप दिले. याचा सौम्य नमुना विमानसेवेत दिसतो. ठरल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत आलेले विमान ‘वेळेवर’ धरतात. मग कंपन्या वेळापत्रकातच उड्डाणाचा वेळ वाढवून ठेवतात. विमान पूर्वीइतक्याच वेळात पोचते आणि वक्तशीरपणा सुधारतो. जहाल नमुना अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचा. प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ उत्पादने विकण्याचे ध्येय होते. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली, आणि २०१६ मध्ये बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. ‘प्रति ग्राहक उत्पादने’ हा आकडा ग्राहकाचा विश्वास मोजण्यासाठी होता. विश्वास वाढवण्यापेक्षा आकडा वाढवणे सोपे होते, एवढेच.

मुंबईचे डबेवाले : निर्देशकाचा विषय निघाला की त्यांचे नाव येतेच, आणि ते बहुधा चुकीच्या कारणासाठी. ‘एक कोटी साठ लाख फेऱ्यांत एक चूक’ आणि ‘सिक्स सिग्मा प्रमाणपत्र’ ही दोन वाक्ये व्याख्यानांतून फिरत असतात. १९९८ मध्ये फोर्ब्ज मासिकाच्या पत्रकाराने संघटनेच्या प्रमुखांना चुका किती होतात असे विचारले. जवळजवळ होतच नाहीत, दोन महिन्यांत एखादी, असे उत्तर मिळाले. रोजचे सुमारे पावणेदोन लाख डबे धरून त्याने हिशेब केला : ऐंशी लाखांत एक, डबा परतही येतो म्हणून दुप्पट. छेद मोजलेला, अंश मात्र बोलण्यातला. सिक्स सिग्मा ही मोटोरोलाने १९८६ मध्ये आणलेली, दहा लाख संधींमागे ३.४ दोष हे ध्येय असलेली कार्यपद्धती आहे. फोर्ब्जने डबेवाल्यांना तिचे प्रमाणपत्र कधी दिलेच नव्हते. यात डबेवाल्यांचे काही उणे होत नाही. झाकणावरची रंगीत अक्षरे-आकड्यांची खूण, लोकलच्या वेळेशी बांधलेली देवाणघेवाण आणि चूक झाली तर ग्राहक त्याच दिवशी उपाशी राहतो ही वस्तुस्थिती, एवढ्यावर ही प्रक्रिया चालते. चुकीची खबर दुपारी एकलाच मिळत असेल तर मासिक अहवालाची गरज कमी पडते.

संगणकीय नोंदी : विल व्हान डर आल्स्ट यांनी नेदरलँड्समध्ये विकसित केलेल्या ‘प्रोसेस मायनिंग’ पद्धतीत संगणकात आपोआप उमटणाऱ्या वेळनोंदींवरून प्रक्रियेचा खरा मार्ग काढतात. कोणता कागद किती वेळा मागे फिरला, कुठे पडून राहिला, हे त्यातून दिसते. माणसाने भरलेल्या तक्त्यापेक्षा हे विश्वसनीय खरेच. पण वेळनोंद सुरू होते ती कोणीतरी बटण दाबल्यावर. जिथे वाहनाला फाटकावर टोकन देतात तिथे घड्याळ टोकनाच्या क्षणापासून चालते. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला लागलेली ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग त्या नोंदीत नसते.