कुदाल आयोग

कुदाल आयोग हा गांधीवादी स्वयंसेवी संस्थांच्या निधीची व कार्याची चौकशी करण्यासाठी भारत सरकारने फेब्रुवारी १९८२ मध्ये नेमलेला आयोग होता. राजस्थान उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश पुरुषोत्तमदास कुदाल हे त्याचे प्रमुख होते. गांधी शांती प्रतिष्ठान, गांधी स्मारक निधी, सर्व सेवा संघ, 'अवार्ड' आणि त्यांच्याशी संबंधित शेकडो संस्था चौकशीच्या कक्षेत आल्या. सर्व सेवा संघाचे मुख्यालय सेवाग्राम येथे असल्याने या प्रकरणाचा वर्धा जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे.

'''पार्श्वभूमी'''

१९७४ च्या बिहार आंदोलनात उतरावे की नाही, यावरून सर्व सेवा संघात जयप्रकाश नारायण व विनोबा भावे यांच्या अनुयायांमध्ये फूट पडली. २६ जून १९७५ च्या पहाटे जयप्रकाशांना अटक झाली, ती दिल्लीतील गांधी शांती प्रतिष्ठानातूनच. आणीबाणीत, १९७६ मध्ये, विदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला. १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या आणि दोन वर्षांनी आयोग नेमला गेला. अनुदान व देणग्या राजकारणासाठी वापरल्या गेल्याचा आरोप होता. टीकाकारांनी मात्र या चौकशीस राजकीय सूड मानले.

'''कामकाज आणि मर्यादा'''

आयोगाने अनेक अहवाल दिले. सुमारे पाच वर्षांनी, राजीव गांधी यांच्या कारकिर्दीत, त्याचे काम थांबले. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार अशा अहवालातील निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात. मूळ अडचण निराळीच होती. अनुदान ठरलेल्या कामावर खर्च झाले का, हे हिशेब व उपयोगिता प्रमाणपत्रांवरून तपासता येते. अनुदान घेणाऱ्या संस्थेने सरकारी धोरणाला विरोध करावा का, हा हिशेबाचा प्रश्न नव्हे. चौकशीत दोन्ही प्रश्न एकत्र आले.

'''नंतरची कायदेशीर स्थिती'''

१९८४ च्या वटहुकमाने विदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना नोंदणी सक्तीची झाली. २०१० मध्ये मूळ कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. राज्यात न्यासांचे हिशेब महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार धर्मादाय आयुक्तांकडे जातात. सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना माहितीचा अधिकार कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही महाविद्यालय न्यास प्रकरणात ठरवले. पुढच्याच वर्षी 'इन्साफ' प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की राजकीय उद्दिष्ट नसताना बंद, हरताळ वा रास्ता रोको यांना पाठिंबा देणारी संस्था केवळ तेवढ्याने विदेशी निधीस अपात्र ठरत नाही.